ऑडिओ इंटरफेस कॉम्प्युटरला जोडला जात नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइकचा किंवा वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी आणि कॉम्प्युटरमधला आवाज स्पीकर-हेडफोनपर्यंत आणणारी पेटी. घरच्या खोलीत गाणं रेकॉर्ड करणारे, डबिंग आणि व्हॉइसओव्हरवाले, पॉडकास्ट करणारे, नाटकाच्या प्रयोगाला लॅपटॉपवरून पार्श्वसंगीत सोडणारे, अशा सगळ्यांसाठी ही माहिती आहे. इंटरफेस मेला असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा तो मेलेला नसतो. वीज, केबल, पोर्ट, ड्रायव्हर (इंटरफेसशी कसं बोलायचं ते कॉम्प्युटरला सांगणारं सॉफ्टवेअर), रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं सेटिंग या साखळीतली एखादी कडी सुटलेली असते. कोणती सुटली ते आधी शोधा, दुरुस्तीचं मग बघू. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर तिन्ही एकदम बदलले आणि इंटरफेस चालू झाला, तर दोष कशात होता ते कळतच नाही. आठ दिवसांनी तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध.

इंटरफेस जोडला तरी काहीच होत नाही. सुरुवात कुठून करू?

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यापासून तर मुळीच नको. आधी कॉम्प्युटरला इंटरफेस दिसतोय का ते बघा.

विंडोजवर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. खिडकी समोर ठेवा आणि इंटरफेसची केबल काढून पुन्हा लावा. कॉम्प्युटरला काही कळलं, तर सगळी यादी क्षणभर लपकन हलते आणि नव्याने मांडली जाते. ती हलली का, एवढंच बघायचं आहे. मॅकवर ऑप्शन की दाबून धरा, सफरचंदाच्या मेनूतून सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि यूएसबीच्या यादीत कंपनीचं नाव शोधा. ही यादी आपोआप बदलत नाही, केबल लावल्यावर ती पुन्हा ताजी करावी लागते.

यादी हलली किंवा नाव दिसलं, तर केबल आणि पोर्ट यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. मग दोष ड्रायव्हरमध्ये किंवा सेटिंगमध्ये शोधायचा. यादी ढिम्म असेल, तर कितीही सॉफ्टवेअर टाकलं तरी उपयोग नाही. दोष केबल, पोर्ट, वीज किंवा इंटरफेसचा जॅक यांपैकी कशात तरी आहे. ही दोन मिनिटांची तपासणी न केल्यामुळे लोक रात्र रात्र वाया घालवतात, म्हणून ती पहिली सांगितली.

इंटरफेसचा दिवा लागतो. म्हणजे केबल चांगली आहे ना?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन डेटाच्या. मोबाइल चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये कित्येकदा डेटाच्या तारा नसतातच. दिवा लागायला विजेच्या दोन तारा पुरतात. त्यामुळे इंटरफेस झगझगीत पेटतो आणि कॉम्प्युटरला मात्र त्याचा पत्ता नसतो. टाइप-सी जॅक असलेल्या नव्या इंटरफेसना हा त्रास जास्त होतो, कारण घरातली कुठलीही सी केबल त्यांत बसते.

केबल उजेडात धरा आणि तिच्या अंगावरची बारीक छपाई वाचा. चांगल्या केबलवर "२८एडब्ल्यूजी/१पी २४एडब्ल्यूजी/२सी" असं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं असतं. एडब्ल्यूजी म्हणजे तारेच्या जाडीचं माप, १पी म्हणजे डेटाच्या तारांची एक जोडी, २सी म्हणजे विजेच्या दोन तारा. १पी नसेल तर ती केबल फक्त चार्जिंगची. छपाईच नसेल तर त्याच केबलने दुसरं एखादं डेटाचं उपकरण जोडून बघा. ज्या इंटरफेसला मागे मोठा चौकोनी जॅक असतो, म्हणजे यूएसबी-बी, त्याला प्रिंटरचीच केबल लागते. शेजारच्या ऑफिसातून पाच मिनिटांसाठी मागून आणली तरी काम होतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात केबल घ्यायला गेलात, तर नुसतं "सी टाइप केबल द्या" म्हणू नका. "डेटा केबल, एक मीटर" असं मागा आणि पैसे देण्याआधी छपाई वाचा.

केबल किती लांब चालते?

यूएसबी २.० साठी कमाल लांबी ५ मीटर धरली जाते. पण इंटरफेस स्वतःचा अडॅप्टर न वापरता कॉम्प्युटरकडूनच वीज घेत असेल, तर १ मीटर उत्तम आणि २ मीटरच्या पुढे जाऊ नये.

याचं कारण साधं आहे. तार बारीक आणि लांब असली की वाटेतच व्होल्टेज पडतं. एडब्ल्यूजीचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २ मीटरच्या केबलमध्ये वीज जाऊन परत यायला ४ मीटर तार लागते. विजेच्या तारा २८ नंबरच्या असतील, तर त्यांचा रोध साधारण ०.८५ ओहम होतो. ५०० मिलिअँपिअर ओढले की जवळजवळ ०.४ व्होल्ट वाटेतच गेले. त्याच लांबीत २४ नंबरची तार असेल तर हा तोटा ०.१७ व्होल्टच्या आसपास राहतो. निघताना ५ व्होल्ट असले, तरी पहिल्या केबलमध्ये इंटरफेसपर्यंत ४.६ पोचतात. त्यात पोर्ट अशक्त असेल तर इंटरफेस सुरू होतो, अडखळतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. दोन मीटरची एक्स्टेन्शन केबल मध्ये जोडणं तर त्याहून वाईट, कारण सांध्यांवरही व्होल्टेज पडतं.

टेबल लांब असेल तर यूएसबी केबल आखूडच ठेवा आणि माइकची एक्सएलआर केबल लांब घ्या. बॅलन्स्ड (बाहेरची खरखर रद्द करणारी) एक्सएलआर १०-१५ मीटर गेली तरी काही बिघडत नाही.

कोणत्या पोर्टला लावू? हब चालेल का?

असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये मागची, थेट मदरबोर्डवरची पोर्टं वापरा. पुढची पोर्टं कॅबिनेटच्या आतून एका पातळ वायरने आलेली असतात. तिथे व्होल्टेजही पडतं आणि खरखरही शिरते.

हब शक्यतो नकोच. घ्यायचाच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या. बिनअडॅप्टरचा हब एका पोर्टची वीज चार उपकरणांत वाटतो. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३.० चं ९००. त्यातून हार्ड डिस्क, माऊस आणि लायसन्सचा डोंगल चालवल्यावर इंटरफेसच्या वाट्याला काय उरणार? नव्या लॅपटॉपला फक्त सी पोर्टं असतील, तर हबऐवजी साधा सी-टू-ए कन्व्हर्टर किंवा सरळ सी-टू-बी केबल बरी.

एक छोटी गोष्ट. पोर्ट निळं म्हणजे वेगवान, म्हणून तेच चांगलं, असं काही नाही. बरेच इंटरफेस यूएसबी २.० चेच असतात आणि काही जुने इंटरफेस निळ्या पोर्टवर उगाच रुसतात. दोन्ही प्रकारची पोर्टं करून बघा.

४८ व्होल्ट चालू केलं की इंटरफेस बंद पडतो. असं का?

कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट इंटरफेस त्याच ५ व्होल्टमधून तयार करतो. प्रमाणानुसार एक माइक जास्तीत जास्त १० मिलिअँपिअर घेऊ शकतो. ४८ गुणिले ०.०१ म्हणजे ०.४८ वॉट. दोन माइक असतील तर जवळजवळ १ वॉट, शिवाय व्होल्टेज चढवताना होणारा तोटा वेगळा. यूएसबी २.० पोर्टची एकूण ताकद ५ गुणिले ०.५ म्हणजे २.५ वॉट. त्यातच प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग), कन्व्हर्टर (आवाजाचं डिजिटल रूप करणारा भाग) आणि हेडफोनचा अँप्लिफायरही चालवायचा आहे.

प्रत्यक्षात बहुतेक माइक १० पेक्षा कमीच घेतात, म्हणून सहसा निभावून जातं. निभावत नसेल तर आखूड आणि जाड केबल, मागचं पोर्ट, अडॅप्टरवाला हब, या क्रमाने करून बघा. तरीही पडत असेल तर माइक न लावता ४८ व्होल्ट चालू करा. तसंही बंद पडत असेल तर दोष इंटरफेसच्या आतल्या सर्किटमध्ये आहे. माइक लावल्यावरच पडत असेल तर आधी एक्सएलआर केबल बदला. तिच्यात शॉर्ट असला तरी अगदी हेच लक्षण दिसतं.

टाइप-सी केबल नीट बसते, तरी काहीच होत नाही. असं कसं?

आकार एक असला तरी आतली भाषा वेगळी असू शकते. थंडरबोल्ट ही टाइप-सी आकाराचीच, पण यूएसबीपेक्षा वेगळी जोडणी. थंडरबोल्टचा इंटरफेस साध्या यूएसबी-सी पोर्टमध्ये बसतो, पण चालत नाही. लॅपटॉपच्या पोर्टजवळ विजेच्या बाणाची खूण आहे का ते बघा. नसेल तर लॅपटॉपची माहिती वाचल्याशिवाय थंडरबोल्टचा इंटरफेस विकत घेऊ नका. केबलही थंडरबोल्टचीच लागते, तिच्या टोकावर तीच खूण असते. काही लॅपटॉपांत एखादं सी पोर्ट फक्त चार्जिंगचं असतं. ते सोडून दुसरं वापरा.

विंडोजवर ड्रायव्हर नेमका कसा टाकायचा?

जुना ड्रायव्हर ॲप्सच्या यादीतून काढा. इंटरफेसची केबल काढा आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर आपलं मॉडेल आणि जनरेशन निवडून नवा ड्रायव्हर उतरवा. जनरेशन महत्त्वाची आहे. फोकसराइट स्कार्लेट २आय२ या एकाच नावाने चार पिढ्या निघाल्या, तिसरी २०१९ मध्ये आणि चौथी २०२३ मध्ये. डब्यावर किंवा इंटरफेसच्या पोटाखालच्या स्टिकरवर ते लिहिलेलं असतं. इन्स्टॉल करताना सॉफ्टवेअर सांगेल तेव्हाच केबल लावा, आधी नाही. शेवटी पुन्हा रिस्टार्ट.

रिस्टार्टच, शट डाउन नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तसाच्या तसा परत येतो. अडकलेला ड्रायव्हरही अडकलेलाच परत येतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. "काल बंद करून आज चालू केला, तरी तेच" या तक्रारीचं कारण बरेचदा हेच असतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाच्या सेटिंगमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो. त्याचा अर्थ काय?

त्या नावावर दोनदा क्लिक करा आणि कोडचा आकडा वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही. इथे वर सांगितल्याप्रमाणे ड्रायव्हर पूर्ण काढून पुन्हा टाका. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला मान्य नाही, बहुधा तो फार जुना आहे. ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच गडबड कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. ४३ सोबत "अननोन यूएसबी डिव्हाइस" असं नाव दिसत असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. आधी केबल आणि पोर्ट बदला. इंटरफेसने स्वतःची ओळख सांगायला सुरुवात केली आणि वाक्य मध्येच तुटलं, असा त्याचा अर्थ.

जुना इंटरफेस विंडोज ११ वर चालत नसेल, तर विंडोज सिक्युरिटीमधल्या कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी बघा. जुने ड्रायव्हर तिथे अडवले जातात. ते बंद केलं की काही इंटरफेस चालतात, पण कॉम्प्युटरची सुरक्षाही कमी होते. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर हे करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

कंपनीचा ड्रायव्हरच नाही. मग?

बेहरिंगरच्या यूएमसी२२ सारख्या नवशिक्यांसाठीच्या मॉडेलांना स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमीत कमी उशिराने पोचवणारा, रेकॉर्डिंगसाठीचा ड्रायव्हर) नसतो. ती विंडोजच्या साध्या ऑडिओ ड्रायव्हरवर चालतात आणि रेकॉर्डिंगसाठी एएसआयओफोरऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरावा लागतो. तो चालतो, पण एक ध्यानात ठेवा. ब्राउझर किंवा दुसरं ॲप इंटरफेस धरून बसलं असेल, तर एएसआयओफोरऑलला तो मिळत नाही आणि यादीत लाल फुली दिसते. आधी बाकीचं सगळं बंद करा. ज्या इंटरफेसला कंपनीचा ड्रायव्हर आहे, त्यासाठी एएसआयओफोरऑल टाकूच नका. सॉफ्टवेअर कधी हा निवडतं, कधी तो, आणि गोंधळ वाढतो.

विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर विंडोजमध्येच येतो. त्यामुळे बरेच इंटरफेस नुसते जोडले तरी आवाज देतात. पण गाताना स्वतःचा आवाज उशिरा ऐकू यायला नको असेल, तर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर हवाच.

नवा स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप आहे. जुना इंटरफेस का चालेना?

ॲप्स भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर नाही. स्नॅपड्रॅगनची चिप एआरएम जातीची, तिच्यासाठी खास बनवलेलाच ड्रायव्हर लागतो. कंपनीने तो दिला नसेल तर इंटरफेस फार तर क्लास कम्प्लायंट म्हणून, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय सिस्टिमच्या साध्या ड्रायव्हरवर, चालेल. रेकॉर्डिंगसाठी असा लॅपटॉप घेण्याआधी हे तपासा.

मॅकवर दिसत नाही. काय करू?

ॲपल सिलिकॉनचा मॅकबुक आणि मॅकओएस व्हेंचुरा किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर नवं उपकरण जोडताना मॅक परवानगी विचारतो. ती खिडकी चुकून बंद झाली की इंटरफेसला वीज मिळते, डेटा नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन ॲक्सेसरीजचं सेटिंग बघा, मॅक अनलॉक असताना केबल पुन्हा लावा. ड्रायव्हर टाकायचा असेल, तर त्याच पानावर खाली "अलाउ" चं बटण येतं. ते दाबल्याशिवाय आणि रिस्टार्ट केल्याशिवाय ड्रायव्हर जागा होत नाही. जुन्या पद्धतीचे, कर्नल एक्स्टेन्शनवाले (सिस्टिमच्या गाभ्यात शिरणारे) ड्रायव्हर ॲपल सिलिकॉनवर रिकव्हरी मोडमध्ये जाऊन सुरक्षा एक पायरी खाली आणल्याशिवाय चालत नाहीत.

सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये नाव आहे, पण ऑडिओ मिडी सेटअपमध्ये नाही, असं असेल तर ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा, "कोअरऑडिओडी" ही प्रोसेस शोधा आणि ती बंद करा. ती लगेच स्वतःहून पुन्हा सुरू होते आणि उपकरणांची यादी नव्याने वाचते. चालू असलेलं रेकॉर्डिंग आधी सेव्ह करा.

इंटरफेस दिसतो, पण रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज येत नाही.

इथे जोडणीचा प्रश्न संपला, सेटिंगचा सुरू झाला. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी रीपरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ऑडिओ डिव्हाइसच्या पानावर आणि क्यूबेसमध्ये स्टुडिओ सेटअपमधल्या ऑडिओ सिस्टिममध्ये जाऊन योग्य ड्रायव्हर निवडा. सॉफ्टवेअर उघडण्याआधी इंटरफेस जोडलेला असू द्या. नंतर जोडला तर कित्येक सॉफ्टवेअर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

इंटरफेसवरचा लेव्हलचा दिवा बोलताना हिरवा होतोय, पण सॉफ्टवेअरमध्ये रेघ सपाट. या लक्षणाचं पहिलं संशयित कारण मायक्रोफोनची परवानगी. विंडोजमध्ये प्रायव्हसीच्या मायक्रोफोन पानावर डेस्कटॉप ॲप्सना परवानगी द्या, मॅकमध्ये त्याच नावाच्या यादीत आपल्या सॉफ्टवेअरसमोरचं बटण चालू करा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.

दुसरं कारण सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती वेळा मोजणी होते तो आकडा. ब्राउझर ४८ किलोहर्ट्‌झवर अडून बसलाय आणि प्रोजेक्ट ४४.१ चा आहे, तर ड्रायव्हर उघडत नाही किंवा आवाज किंचित खालच्या-वरच्या पट्टीत येतो. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. डबिंगचं काम असेल तर ४८, कारण चित्रासोबतच्या आवाजाला तोच चालतो.

ॲडॅट किंवा एसपीडीआयएफ (इतर उपकरणं जोडायच्या डिजिटल वाटा) असलेल्या मोठ्या इंटरफेसमध्ये क्लॉक सोर्स, म्हणजे ताल कुणाकडून घ्यायचा ते सेटिंग, "इंटर्नल" आहे ना, हे बघा. तो बाहेरच्या उपकरणावर ठेवलेला असेल आणि ते उपकरण बंद असेल, तर सगळं ठीक दिसूनही आवाज येत नाही.

अर्धा तास नीट चालतो आणि मग कनेक्शन सुटतं.

आधी वीज वाचवणारी सेटिंग्ज बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर "वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू द्या" या अर्थाची खूण असते, ती काढा. पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. काही नव्या लॅपटॉपांत यातलं काही दिसत नाही, तेव्हा चार्जर लावून काम करणं हाच मार्ग.

एएमडी रायझनचा डेस्कटॉप आणि ५०० सिरीजचा मदरबोर्ड असेल, तर बायोसची (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरची) तारीख बघा. यूएसबी मध्येच सुटण्याचा दोष एएमडीने फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्य केला होता आणि त्यावरचा उपाय एजिसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.२ मध्ये आला. त्याआधीचा बायोस असेल तर अपडेट करा. अशा कॉम्प्युटरवर केबल बदलत बसण्यात अर्थ नाही.

आता मुंबईच्या घरांचा खास प्रश्न. फ्रिज सुरू झाला, मिक्सर लावला, ट्यूबलाइट लागली की नेमका त्याच क्षणी इंटरफेस सुटतो का? गिरगाव, लालबाग, दादरच्या जुन्या इमारतींत प्लगला तीन भोकं असतात, पण कित्येकदा अर्थिंगची तार मागे जोडलेलीच नसते. उपकरण चालू-बंद होताना उठणारा झटका मग यूएसबीच्या वाटेने उतरतो. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हलकेच बोट फिरवल्यावर झिणझिण्या आल्यासारखं वाटत असेल, तर तेच कारण समजा. खात्री करायला चार्जर काढून बॅटरीवर पंधरा मिनिटं चालवा. हम (स्पीकरमधली सततची गुणगुण) आणि तुटणं दोन्ही थांबलं, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या पॉइंटचं अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डवर लावा, मिक्सर-फ्रिजच्या लाइनवर नको. आणि हम घालवण्यासाठी तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे.

पावसाळ्यात त्रास वाढतो. खरंच दमट हवेमुळे?

हो. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते आणि समुद्राजवळ तिच्यासोबत खारही येतो. यूएसबीच्या धातूच्या पट्ट्यांवर हळूहळू थर चढतो. वीज जाते, पण डेटाचा नाजूक सिग्नल अडखळतो. केबल काढा, लॅपटॉप बंद करा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या काडीने प्लगच्या पट्ट्या पुसा. जॅकच्या आत अल्कोहोल ओतू नका. पंधरा मिनिटं वाळू द्या. वापर नसेल तेव्हा सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा.

एसीच्या गार खोलीतून बाहेर काढलेला इंटरफेस लगेच चालू करू नका. आत बाष्प धरतं. अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

जोडल्यावर इंटरफेस पेनड्राइव्हसारखा दिसतो. बिघडला का?

नाही. स्कार्लेटच्या तिसऱ्या पिढीसारखे काही इंटरफेस नवे असताना छोट्या ड्राइव्हसारखे दिसतात. त्यात नोंदणी आणि ड्रायव्हरच्या पानाची लिंक असते. ती प्रक्रिया पूर्ण केली, कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून फर्मवेअर (इंटरफेसच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, की ड्राइव्ह जातो. फर्मवेअर अपडेट चालू असताना केबलला हात लावू नका.

फोन किंवा आयपॅडला का जोडला जात नाही?

लाइटनिंगवाला आयफोन पुरेशी वीज देत नाही आणि तसा संदेशही दाखवतो. ज्या ॲपल अडॅप्टरला चार्जरसाठी वेगळं लाइटनिंग भोक आहे, तो घ्या आणि चार्जर लावून ठेवा. अँड्रॉइडमध्ये काही फोनांत सेटिंग्जमध्ये ओटीजी (फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण जोडू देणारी सोय) हाताने चालू करावं लागतं आणि वापर नसेल तर ते थोड्या वेळाने आपोआप बंद होतं. इंटरफेस क्लास कम्प्लायंट असायला हवा, काहींवर त्यासाठी वेगळा मोड निवडावा लागतो.

अडॅप्टर हरवला. दुसरा लावू का?

इंटरफेसच्या मागे छापलेलं वाचा. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तितकेच किंवा जास्त, आणि मधल्या पिनेची प्लस-मायनसची खूण जुळायला हवी. पिन घट्ट बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नाही. उलट ध्रुवतेचा अडॅप्टर क्षणात सर्किट जाळू शकतो.

प्रयोगाच्या दिवशी थिएटरमध्ये इंटरफेस सुटला तर?

शिवाजी मंदिर असो की यशवंत नाट्य मंदिर, तिसरी घंटा झाल्यावर ड्रायव्हर शोधायला वेळ नसतो. बॅगेत दुसरी आखूड केबल आणि ३.५ मिलिमीटर स्टिरिओ ते दोन पावइंची मोनो अशी एक केबल कायम ठेवा. इंटरफेस गेला तर लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून डीआय बॉक्स (साधा सिग्नल लांब केबलसाठी बॅलन्स्ड करणारी डबी) आणि तिथून साउंड मिक्सर, एवढ्यावर प्रयोग पार पडतो. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या केबलमधली ग्राउंड तोडणारं) बटण असू द्या, थिएटरच्या वेगळ्या लाइनमुळे येणारा हम त्याने जातो. तालमीच्या दिवशीच एकदा इंटरफेस मुद्दाम काढून, पर्यायी रस्त्याने प्रयोगातले सगळे क्यू (ठरलेल्या जागी वाजवायचे आवाज) वाजवून बघा. विंडोज अपडेट आदल्या दिवशीच थांबवून ठेवा.

दुरुस्तीला कधी न्यावा?

दोन चांगल्या केबल आणि दोन वेगवेगळे कॉम्प्युटर वापरूनही यादी हलत नसेल तेव्हा. त्याआधी एक गोष्ट बघा. प्लग जॅकमध्ये घालून बोटाने अगदी हलकेच डावीकडे-उजवीकडे कलवा. दिवा लुकलुकतो का? लुकलुकत असेल तर जॅकचे टाके बोर्डावरून सुटले आहेत. लोकलच्या गर्दीत पाठीवरची बॅग दाबली जाते, आत केबल लावूनच ठेवलेली असते आणि सगळा भार त्या चौकोनी जॅकवर येतो. म्हणून नेताना केबल काढून ठेवा. टाके पुन्हा मारणं किंवा जॅक बदलणं हे कुशल कारागिराचं काम आहे, जाड टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने स्वतः करू नका.

वॉरंटी असेल तर बाहेर उघडू न देता सर्व्हिस सेंटरला न्या. सोबत बिल, सीरियल नंबर, आणि कोणत्या दोन कॉम्प्युटरांवर, कोणत्या केबलने, कोणता कोड आला याची एका कागदावर नोंद द्या. नुसतं "चालत नाही" असं सांगितलं की तिथेही पहिले दोन दिवस केबल बदलण्यातच जातात.